कस्तुराबाईंचे दात

सॅन होजे, कॅलिफोर्निया
८ मार्च १९८५

ती. काकू,

नमस्काराला वाकावं तर इथे तुमचे पाय नाहीत, म्हणून कागदावरच डोकं टेकते.

काल माझा दवाखान्यात विजय झाला, तो आधी सांगते. परवाना मिळाल्यापासून मी इथल्या सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर म्हणून काम करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या भागात व्हिएतनाममधून आलेली माणसं फार. लढाई हरल्यावर होड्यांतून पळालेली, छावण्यांत वर्षं काढलेली. आता दिवसभर कारखान्यात खाली मान घालून बारीक तारा जोडतात. पोरांचे दात दाखवायला आणतात, पण स्वतः काही तोंड उघडत नाहीत. दुखलं तर मिठाचं पाणी, लवंग, नाहीतर वाघाचं चित्र असलेलं एक मलम. सूज डोळ्यापर्यंत चढली की मग येतात, आणि तोवर दात वाचवायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून मी हट्ट करून गुरुवारची संध्याकाळ फक्त मोठ्या माणसांसाठी मागून घेतली. आमचे मोठे डॉक्टर हॅरिसन म्हणाले, "सप्टेंबर अखेरपर्यंत बघू. माणसं आली नाहीत तर बंद." जानेवारीपासून मी रिकाम्या खुर्च्यांना सोबत करत बसले होते.

आणि या गुरुवारी एक जण आली! पंच्याहत्तरीची म्हातारी, नाव बा लान. बा म्हणजे त्यांच्यात आजी. सोबत मुलगी हुओंग, दुभाषी म्हणून. म्हातारीनं तोंड उघडलं आणि हॅरिसन मागेच सरले. सगळे दात काळेभोर, जांभळासारखे चकचकीत. म्हणाले, "सगळे किडलेत. काढून कवळी बसवा." मला हसू आलं. म्हटलं, डॉक्टर, मी परभणी जिल्ह्यातली आहे. ही कीड नाही, ही मिश्री. भाजलेला तंबाखू दाताला घासतात. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या धुरपताबाईंचे दात बघत मी मोठी झाले आहे.

मग मी हुओंगकरवी म्हातारीला तंबाखूवर चांगलं भाषण दिलं आणि पुढचे दोन दात घासायला घेतले. फार हट्टी काळं होतं. पण शेवटी ज्वारीच्या दाण्यासारखे पांढरे निघाले. आरसा दिला. तिनं पाहिलं, तोंडावर हात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द बोलली नाही. आनंदानं माणूस असंच गप्प होतं ना? हुओंग तिच्या गालाकडे बोट करून काहीतरी सांगत होती, पण वेळ संपली होती. म्हटलं, पुढच्या गुरुवारी पाहू.

हे मजेत आहेत. तुमच्या मागच्या पत्रातही खिचडी होती आणि याही पत्रात खिचडीच. काकांना एवढं साधं जेवण कधीपासून आवडायला लागलं?

तुमची
सुमंगला


सेलू, जि. परभणी
२६ मार्च १९८५

चि. सुमंगला,

माझे आशीर्वाद तुझ्याकडे पडूनच असतात, पत्रागणिक नवे कशाला द्यायचे?

तुझं पत्र उशिरा आलं. औरंगाबादला नामांतराचा मोर्चा होता, गाड्या खोळंबल्या आणि टपालही खोळंबलं. पण आलं आणि मी ते महिला मंडळात उभी राहून वाचून दाखवलं. "हॅरिसन मागेच सरले" हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं, इतक्या बायका हसल्या. आपली मुलगी साहेबाला शिकवते म्हटल्यावर मला सिकंदराबादचे शाळेचे दिवस आठवले. दर सोमवारी सिस्टर अग्नेस आमचे दात तपासायच्या. "अनसूया, स्माइल!" मी ओठ घट्ट मिटून हसायची. घरची शिकवणच तशी होती, बाईमाणसानं दात दिसू देऊ नयेत. सिस्टर माझी हनुवटी धरून म्हणायच्या, देवानं दिलेले मोती तू लपवतेस कशाला? आता त्याही नाहीत आणि मोत्यांचंही काही विचारू नकोस.

धुरपताबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. डोळे मोठे करून म्हणाली, "बाई, अमेरिकेत बी मिश्री हाय? मंग मला तितंच पाठवा की." मी म्हटलं, सुमंगला तुझेही दात घासून पांढरे करील. तर म्हणते कशी, "नगं गं बाई. मिश्री लावल्याबिगर माजं पोट साफ हुत न्हाई. ताईला म्हणावं, आधी पोटाचा इलाज सांग, मंग दाताचं बोल."

खिचडीचं म्हणशील तर उन्हाळा लागलाय. दहीभात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, यापुढे जेवण जात नाही. काका मात्र कडक भाकरी आणि ठेचा खाऊन माझ्याकडे बघत बसतात. दुसरं काही नाही.

तुझी
काकू


सॅन होजे
१४ एप्रिल १९८५

ती. काकू,

महिला मंडळात पत्र वाचलंत, आता हे वाचू नका.

बा लान पुन्हा आली नाही. तिच्या पाठोपाठ येऊ म्हणणाऱ्या दोघी होत्या, त्याही आल्या नाहीत. काल वाण्याच्या दुकानात हुओंग दिसली. मी हाक मारली, तर तिनं टोपली तिथेच ठेवली आणि निघून गेली. दुकानदारही त्यांच्यातलाच. त्यानं सुटे पैसे माझ्या हातात न देता फळीवर ठेवले. मी काय केलं, काकू? कुणी काही सांगत नाही, नुसतं वाकून हसतात आणि तोंडावर हात धरतात.

हॅरिसन शुक्रवारी म्हणाले, गुरुवारची संध्याकाळ लहान मुलांना दिलेली बरी, उगाच दिवे जाळायचे कशाला? मी म्हटलं, तुम्ही सप्टेंबर म्हणाला होतात. आता तेवढ्या शब्दावर चाललं आहे.

मी इथे आले ती दात उपटायला नाही. माणसांनी दुखण्याआधी यावं, एवढं एकच काम मला करून दाखवायचं होतं.

सुमंगला


सेलू
८ मे १९८५

चि. सुमंगला,

हे पत्र बसून वाच. मला कळलं आहे, तू काय केलंस ते.

नरसिंह जयंतीला आम्ही पोखर्णीला गेलो होतो. दर्शन झालं आणि नेहमीप्रमाणे काकांच्या आत्याकडे, कस्तुराबाईंकडे जेवायला उतरलो. लहानपणी तू त्यांना पाहिलंस, पण आठवत नसेल. ऐंशीच्या पुढे आहेत आणि शेतावरच्या गड्यांना अजून त्यांचाच धाक आहे. बन्सीधरराव, त्यांचे यजमान, आता ठार बहिरे झालेत. पुरणपोळी वाढताना ते काहीतरी भलतंच बोलले आणि आत्याबाईंना हसू फुटलं. पदर तोंडावर जायच्या आधी माझी नजर त्यांच्या दातांवर गेली. काळेभोर, जांभळासारखे चकचकीत. सुमंगले, तुझेच शब्द! इतकी वर्षं मी ते दात पाहते आहे आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

मी हळूच विचारलं, "आत्याबाई, तुमी मिश्री लावता?"

वाढता हात थांबला. "मिश्री? म्या? जलमात तंबाखूला बोट लावलं न्हाई. सूनबाई, हे दातवण हाय."

आता मला सगळं आठवलं. माझी आजीही लावायची. हिरडा, मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा तो हिरवा खडा, कुटून पूड करतात. लग्न झालेल्या बाईनं ती दातांवर बसवायची, की दात काळे कुळकुळीत होतात. ते सौभाग्याचं लेणं असतं, जसं कुंकू, जशी काकणं. माझ्या आईच्या पिढीला लाज वाटायला लागली आणि ते गेलं. तू तर शहाण्या मुलीसारखी फक्त मिश्रीच पाहिलीस.

मी आत्याबाईंना तुझी हकीकत सांगितली. त्या खाली बसल्याच. "पुसलं? बसलेलं दातवण पुसलं? आन वर आरसा दावला?" मग म्हणाल्या, "त्या म्हातारीला म्हणावं, लेकराला ठावं नव्हतं. माजं तोंड दाव तिला."

नुसतं तोंडी सांगून काय होणार? तेव्हा मला एक सुचलं. जत्रेत दत्तराव फोटोवाला कडुलिंबाखाली ताजमहालाचा पडदा लावून बसला होता. आत्याबाईंनी जन्मात फोटो काढलेला नाही. त्याला घरी बोलावलं. त्या खुर्चीवर ताठ बसल्या, काठापदराचं लुगडं, नाकात नथ, आणि तोंड असं मिटलेलं की सुरीनं उघडणार नाही. दत्तराव म्हणाला, "आजी, जरा हासा की." त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "परक्या गड्याम्होरं दात इचकू व्हय रे?" सुना हसून हसून दाराआड गेल्या. पोरांनी विनवलं, मी विनवलं, काही नाही. तेवढ्यात बन्सीधरराव ओसरीवरून ओरडले, "काय म्हणायलाय त्यो? दात मोजायलाय काय? बैलबाजारात न्यायलाव का हिला?"

आत्याबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की पदर घ्यायचं भान राहिलं नाही. दत्तराव हुशार, त्यानं तेवढ्यात काम उरकलं.

तो फोटो सोबत आहे. एक डबी वेगळ्या पार्सलनं येईल, त्यात आत्याबाईंनी स्वतः कुटलेलं दातवण आहे. त्या म्हातारीकडे काय रीत आहे ते मला ठाऊक नाही, माझा अंदाज चुकूही शकतो. पण तू जा. दवाखान्यात बोलावू नकोस, तिच्या घरी जा. पांढरा कोट घालू नकोस. आणि भाषण नको.

काकू


सॅन होजे
९ जून १९८५

ती. काकू,

आज रविवार, जाऊन आले. तुम्ही दिलेली हिरवी इरकल नेसले होते. हुओंगनं साखळी लावूनच दार किलकिलं केलं. मी म्हटलं, मी डॉक्टर म्हणून आले नाही, माफी मागायला आले आहे. तिनं आत विचारलं. बऱ्याच वेळानं साखळी निघाली.

बा लान खिडकीशी पाठ करून बसली होती. माझ्याकडे वळली तेव्हा हात तोंडावरच. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नव्हती, देवळातसुद्धा नाही. मी नुसती पर्स उघडली. फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं आधी नथ पाहिली, मग लुगडं. मग तिचं बोट आत्याबाईंच्या दातांवर थांबलं. फोटो डोळ्यांजवळ नेला. हुओंगला काहीतरी विचारलं. हुओंग म्हणाली, "आई विचारतेय, ही कुणाची आई?" मी म्हटलं, आमच्या घरची आजी. विचारते, का हसतेय? मी बन्सीधररावांचं बैलबाजाराचं वाक्य सांगितलं. हुओंगनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि काकू, बा लानचा हात तोंडावरून खाली आला. ती हसली, मोठ्यानं, पोट धरून. काळ्या दातांत माझे ते दोन पांढरे ठिपके चमकत होते. मी रडले, ती हसत होती.

मग तिनं सांगितलं. तुमचा अंदाज अर्धा बरोबर होता. त्यांच्यात लग्नाआधीच दात रंगवत. ती सोळा वर्षांची असताना तिच्या आईनं झाडाची लाख कुटून, पानाच्या पट्टीवर लावून, रोज संध्याकाळी तिच्या दातांवर बांधली. ते पुरं होईतो गरम काही खायचं नाही, चावायचं नाही. आई शेजारी बसून गार पेज भरवायची. नंतर उत्तरेतलं घर सुटलं, मग दक्षिणेतलं सुटलं. दागिने होडीवाल्यानं घेतले. आईचा फोटोसुद्धा समुद्रात गेला. म्हणाली, "माझ्या आईच्या हातचं माझ्याजवळ एवढंच उरलं होतं. ते कुणाला हिसकावता येत नव्हतं."

आणि ते मी फिरत्या ब्रशनं घासून काढलं. पैशासाठी नव्हे, द्वेषानं नव्हे, मला जास्त कळतं म्हणून.

तुमची डबी कालच पोचली होती. मी स्पष्ट सांगितलं, दवाखान्यात मला हे वापरता येणार नाही, त्यात काय आहे ते मी तपासलेलं नाही. तिनं झाकण उघडून वास घेतला, चिमूट बोटावर चोळली आणि मान डोलावली. म्हणाली, "लोखंड आहे यात. आमच्यातही घालतात." डबी तिनं उशाशी ठेवली.

आता दुसरं. ती त्या दिवशी दात पांढरे करायला आलीच नव्हती! वरच्या डाव्या दाढेचं दुखणं घेऊन आली होती, छावणीपासूनचं. खिडकीच्या उजेडात मी पाहिलं, काळे दात तर एकूण एक ठणठणीत, एकही किडलेला नाही. दाढ मात्र पार पोखरलीय, काढायलाच हवी. पण ती काढू देईना. का? म्हणे वरची दाढ काढली की डोळ्याची नस तुटते आणि नजर जाते. त्यांच्या सगळ्या वस्तीत हीच भीती आहे, म्हणून कुणी येत नाही. मला वाटलं, मी सेलूच्या ओसरीवर धुरपताबाईंचं ऐकत बसले आहे!

काकू, तुमची पत्रं मी पुन्हा काढून वाचली. होळीच्याही आधीपासून तुमच्या ताटात चावायचं काहीच नाही. ठेचा काकांना, कुस्करलेली भाकरी तुम्हाला. कोणती दाढ दुखते? खरं लिहा.

सुमंगला


सेलू
३० जून १९८५

चि. सुमंगला,

वरची उजवी. झालं समाधान?

दिवाळीपासून दुखायलीय. काकांना सांगितलं तर ते त्याच दिवशी परभणीला नेतील, म्हणून सांगितलं नाही. तू हसशील. पुस्तकं वाचली, सिस्टरांच्या हाताखाली शिकले, आणि भीती मात्र धुरपताबाईसारखीच. पण माझ्या मावशीची वरची दाढ काढली आणि वर्षभरात तिची नजर गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तू म्हणशील मोतीबिंदू असेल. असेलही. पण वाचणं गेलं तर माझ्याजवळ काय राहतं, सांग बरं? काकांचे आणि माझे दिवस आता पुस्तकांत आणि तुझ्या पत्रांतच जातात.

म्हणून एक करार करते. तुझी म्हातारी माझ्याहून मोठी आहे आणि समुद्र ओलांडून आली आहे. तिला आधी काढू दे. तिची नजर राहिली तर मी परभणीला जाईन. तोवर या विषयावर एक अक्षर लिहू नकोस.

काकू


(पोस्टकार्ड)
सेलू
११ ऑगस्ट १९८५

चि. सुमंगला, एक अक्षर लिहू नकोस म्हटलं तर तू पत्रच बंद केलंस! गुरुवारांचं काय झालं? म्हातारी कशी आहे? माझा गाल सुजलाय. काकांना कळलं. ते आता रोज परभणीच्या गाडीची वेळ मोठ्यानं वाचतात. लवकर लिही. — काकू


सॅन होजे
२९ सप्टेंबर १९८५

ती. काकू,

मुद्दामच लिहिलं नाही. अर्धी बातमी देऊन तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. आता पुरी देते.

जुलै सगळा कोरडा गेला. मी दर रविवारी बा लानकडे चहा प्यायला जात राहिले, दाढेचं नाव काढलं नाही. सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं घेतल्या. तुमचं जूनचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. रागावू नका. "तिला आधी काढू दे" हे ऐकून ती ताठ बसली. म्हणाली, "म्हणजे ती बाई माझ्यासाठी थांबली आहे?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "तिकडे दुखतंय तिला?" म्हटलं, हो, भाकरी कुस्करून खाते. तिनं कप खाली ठेवला आणि जिभेनं आपली डावी दाढ चाचपली.

ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी दवाखान्याचं दार उघडलं. बा लान आत आली, निळा रेशमी पोशाख घालून, तोंडावर हात नाही. पुढचे दोन दात काळे कुळकुळीत! आत्याबाईंचं दातवण बसलं होतं. मागोमाग देवळातल्या चौघी जणी, काय होतंय ते बघायला. त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, जणू मी कुणाचा जीव घेणार आहे.

काकू, साधी दाढ, रोजचं काम. पण ती चुकली असती, रक्त थांबलं नसतं, दुसऱ्या दिवशी तिला नुसतं धूसर दिसलं असतं, तरी या गावात पुन्हा कुणी मोठ्या माणसानं तोंड उघडलं नसतं. आणि सेलूतही. भुलीची सुई देताना तिनं माझं मनगट धरलं. मग सोडलं. दाढ निघाली, मुळासकट, पुरी. मी तिला ती दाखवली. तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या चौघींना दाखवली. त्यांतली एक म्हणाली, "आज दिसेल. आठवडाभरानं बघू."

पुढच्या गुरुवारी ती आली ती शिवणाची पेटी घेऊन. आतल्या खोलीत आलीच नाही. बाहेरच्या बाकावर, सगळ्यांसमोर बसली. आता तिथे पंधराएक जण होते, पुरुषही. पेटीतून सगळ्यांत बारीक सुई काढली, काळा दोरा काढला, आणि चष्मा न लावता ओवला. मग दोरा काढून त्या संशयी बाईच्या हातात सुई दिली आणि म्हणाली, "आता तू ओव." तिला जमेना! सगळा बाक हसला. पुरुष तर मांड्यांवर थापा मारत होते, आणि काकू, तोंडावर कुणाचाही हात नव्हता.

ती संशयी बाईच त्या संध्याकाळची माझी पहिली पेशंट झाली.

तेव्हापासून गुरुवारी बाक पुरत नाहीत. नुसतं दुखणं घेऊन नाही, काकू, न दुखता येतात! हिरड्या बघा म्हणतात, साफ करा म्हणतात. काळे दात असलेल्या आणखी तीन आज्या निघाल्या. त्यांना मी आता वाकून नमस्कार करते आणि फक्त मागच्या दाढा तपासते. हॅरिसननी एकीचा काळा दात आरशानं निरखून पाहिला आणि म्हणाले, "साठ वर्षं आणि एक छिद्र नाही. माझ्या तोंडात सात आहेत." परवा त्यांनी मला बोलावलं. सप्टेंबर संपत आलाय म्हणून मी गुरुवारच्या पेशंटांची यादीच घेऊन गेले. ते म्हणाले, "गुरुवार चालू राहील. आणि मंगळवारची संध्याकाळही घे, मुलांना दुसरा वार देऊ."

आत्याबाईंचा फोटो बाकासमोरच्या भिंतीवर लावला आहे. नवी माणसं विचारतात, ही कुणाची आजी? बा लान सांगते, आमची.

करार तुमच्या लक्षात आहे ना?

सुमंगला


सेलू
२० ऑक्टोबर १९८५

चि. सुमंगला,

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "परभणीची गाडी किती वाजता आहे हो?" त्यांनी पलंगाखालून पिशवी काढली. आधीपासूनच भरून ठेवली असावी.

डॉक्टर तरुण होता, तुझ्याएवढाच. खुर्चीत बसताना मला तुझी म्हातारी दिसत होती, निळ्या रेशमी पोशाखातली, तिचं तोंड कसं असेल ते ठाऊक नसताना. मी मनगट वगैरे काही धरलं नाही. एवढं म्हटलं, "जरा सांभाळून, मला वाचायचं आहे." दाढ निघाली. परतीच्या गाडीत काकांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर धरलं. कापसाच्या बाजारभावाच्या रकान्यातली सगळ्यांत बारीक अक्षरं मी मानवतपर्यंत त्यांना वाचून दाखवली. डब्यातल्या लोकांना वाटलं, काय हावरट व्यापारीण आहे. वाटू दे की! आठ दिवस झाले, नजर जशी होती तशीच आहे. काल रात्री कडक भाकरी आणि ठेचा खाल्ला. काका माझ्याकडे बघत बसले होते, पण निराळ्या चेहऱ्यानं.

बा लानला माझा नमस्कार सांग. करार तिनं आधी पाळला, तेव्हा मोठेपण तिचंच.

पोखर्णीला गेले आणि आत्याबाईंना सांगितलं, तुमचा फोटो अमेरिकेतल्या दवाखान्यात लागलाय. त्यांनी आधी विचारलं, "त्यात पदर डोईवर हाय का?" मी म्हटलं, आहे. "मंग राहू दे." दुसरं विचारलं, "ती म्हातारी माजं दातवण लावती?" म्हटलं, लावते. त्या उठल्या, आत गेल्या आणि आणखी एक डबी भरून आणली. बन्सीधररावांना कुणीतरी कानात ओरडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हिचा फोटो भिंतीवर? मंग लोक पळून कसं गेले न्हाईत?" आणि आत्याबाई पुन्हा तशाच हसल्या, पदर न घेता, सगळ्या गावासमोर.

मग त्यांनी मला शेजारी बसवलं. "सूनबाई, तितल्या बायांचे दात बघती, आमचे कोण बघावं?" तू डिसेंबरात सुट्टीवर येणार आहेस, एवढंच मी सांगितलं. झालं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरांना बोलावणं गेलं, तुझ्या तपासणीसाठी दोन खोल्या रिकाम्या करून मिळणार आहेत. सुनांना सांगून ठेवलंय, लेकी माहेरी त्या दिवसांत बोलवा. धुरपताबाई सेलूहून यायला तयार आहे. म्हणते, "माजा नंबर पयला. पर मिश्रीवर बोलली तर उठून येईन." बायका किती येतील याचा अंदाज नाही. ज्यांनी उभ्या जन्मात कुणापुढे तोंड उघडलं नाही अशा बायका विचारायला येतात, की कोणत्या दिवशी?

सरपंच तेवढे जरा काळजीत होते. म्हणाले, "आमच्या कैक म्हाताऱ्यांचे दात काळे हायेत. परदेशातून आलेली डॉक्टरीण बघून घाबरायची तर न्हाई?"

आत्याबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"न्हाई घाबरायची," त्या म्हणाल्या. "ती चुकून शिकलेली हाय. बोलवा तिला."

काकू